बिल्ला टांगा, कोडं न्या

चंदीगडला जाऊन आलं की लोक दोन प्रश्न विचारतात: रॉक गार्डन पाहिलं का, आणि थंडी होती का. पाहिलं, आणि होती. ही उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे मला हवं ते सांगायला मी मोकळी. आम्ही काही बागा बघायला गेलो नव्हतो. आमच्या घरातला एक माणूस सागवानाचे तुकडे घेऊन परमुलखात भूमिती पोचवायला निघाला होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी बरोबर जाणं भाग होतं.

हा माणूस म्हणजे माझे यजमान, श्रीपादराव. सांगलीत मी शाळेत मराठी शिकवायचे आणि हे एका कारखान्याच्या टूलरूमचे प्रमुख होते. टूलरूम म्हणजे कारखान्याचं देवघर. मापाची सगळी नाजूक हत्यारं तिथं कुलपात असतात. कामगाराला हत्यार हवं असेल तर त्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा. तो खुंटीवर टांगला जातो, आणि हत्यार परत आल्याशिवाय बिल्ला परत मिळत नाही. मालकाचा मुलगा आला तरी नियम तोच. नोकरी संपली, पण नियम घरी आला. आमच्या मागच्या खोलीत खुंट्यांची एक फळी आहे, आणि साधा स्क्रूड्रायव्हर हवा असला तरी मला बिल्ला टांगावा लागतो. माझा नंबर दोन. एक नंबर कोणाचा, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

निवृत्तीनंतर त्यांना गणिताची लाकडी मॉडेलं करायचा नाद लागला. इतरांचे नवरे हास्यक्लबात जातात, माझा मागच्या खोलीत बसून काटकोन घासतो. त्यातलं त्यांचं सर्वांत लाडकं म्हणजे लाकडी गाठ. खाचा पाडलेल्या सहा दांड्या एकमेकींत अशा अडकवायच्या की तिन्ही दिशांना टोकं बाहेर आलेली घट्ट फुली तयार होते. एक खाच जरी चुकीच्या जागी पडली तरी गाठ जुळत नाही. असा चुकलेला तुकडा ते फेकत नाहीत. कारखान्यातल्या रिवाजानं त्याच्या टोकाला लाल रंग फासतात आणि वेगळ्या पिशवीत टाकतात, म्हणजे चुकूनही चांगल्या मालात मिसळू नये. त्या पिशवीत शेवटी गेलेला तुकडा माझ्या नावावर आहे. त्यांची करवत चालू असताना मी चहाला हाक मारली आणि खाच उलट्या बाजूला पडली. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात चहा खुणेनं दिला जात होता.

सेक्टर एकोणपन्नास

माझी भाची मृणाल मोहालीत एका आयटी कंपनीत आहे आणि चंदीगडच्या सेक्टर एकोणपन्नासमधल्या सोसायटीत राहते. नवरा हवाई दलात, त्यामुळे तो बहुतेक वेळ दुसरीकडेच. सोसायटीच्या तळमजल्यावर एक रिकामा हॉल आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याची किल्ली मागून घेतली आणि दर रविवारी तिथं मुलांना गोळा करून पुठ्ठा, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं यांची गणिती कोडी करायला लागली. सोसायटीतली मुलं येतात आणि त्याच सोसायटीत झाडू मारणाऱ्यांची, धुणंभांडी करणाऱ्यांची, रखवालदाराचीही येतात. सगळी एकाच सतरंजीवर. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी घरं आहेत ही, पण त्यांची पोरं रविवारी एकाच डिंकाच्या बाटलीवरून भांडतात.

आता कमिटीला तो हॉल व्यायामशाळेसाठी हवा होता. मृणालनं खूप विनवल्यावर ठरलं ते असं, की फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं सगळ्यांसाठी गणिताची जत्रा भरवावी, अध्यक्ष बघतील, आणि त्या दुपारी किल्लीचा निकाल लागेल. तिनं फोनवर श्रीपादरावांना सांगितलं, "काका, तुमची लाकडाची मॉडेल्स आणा ना. माझी पुठ्ठ्याची बघून त्यांना वाटतं, हा टाइमपास आहे यार." यजमानांनी त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली. लाल टोकांची पिशवीसुद्धा भरली. ती कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, चूक कशी दिसते तेही पोरांना कळायला हवं.

आमच्या सामानातल्या पायथागोरसच्या चकतीत मोहरी भरलेली असते. छोट्या दोन चौकोनांतली मोहरी, चकती उलटी केली की मोठ्या चौकोनात बरोबर मावते. विमानतळावर ही चकती यंत्रातून जाताना खुळखुळली आणि आम्हाला बाजूला घेतलं. तिथल्या जवानानं विचारलं, हे काय आहे. कुठल्याही शहाण्या माणसानं 'शोभेची वस्तू' म्हणून सुटका करून घेतली असती. आमच्याकडून प्रमेय सिद्ध करून दाखवलं गेलं. मागची रांग थांबून बघत होती आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होते.

चंदीगडला पोचलो तर मृणालची सात वर्षांची इरा दारातच उभी. मी तिला पोटाशी धरून केवढी मोठी झालीस गं, भूक लागली का, शाळा कशी आहे, असं सगळं विचारलं. तिला सगळं समजलं, आणि तिनं उत्तर दिलं, "ठीक है जी." मराठी तिच्या कानांपर्यंत येते, तोंडातून मात्र हिंदीच बाहेर पडते. मला वाईट वाटलं हे खोटं बोलणार नाही. पण श्रीपादरावांनी भिंतीवर सांगलीसारखीच खुंट्यांची फळी ठोकून तिला पाच नंबरचा बिल्ला दिला, तेव्हा ती बिल्ला गळ्यात घालून घरभर फिरली आणि रात्रीच्या जेवणाला चमचा घेतानाही तो खुंटीवर टांगायला गेली. या माणसाला शिष्य मिळाला की मला काळजीच वाटते.

सापशिडी

दुसऱ्या दिवशी मृणाल ऑफिसला गेली आणि आम्ही टॅक्सी करून शहर बघायला निघालो. चंदीगडचे रस्ते इतके सरळ आहेत की सांगलीच्या माणसाला संशय येतो. कुठं वळण नाही, कुठं रस्त्यात बसलेली गाय नाही, मध्येच उगवलेलं देऊळ नाही. आमच्याकडे पत्ता सांगताना वडाचं झाड, बंद पडलेलं थिएटर आणि एखाद्या डॉक्टरचं नाव लागतं. इथं माणूस नुसता आकडा सांगतो आणि पोचतो. मला हे थोडं उदास वाटलं. श्रीपादरावांना स्वर्ग सापडला होता.

मांडीवर नकाशा घेऊन ते बोटानं सेक्टर मोजत होते. मग एकदम म्हणाले, ही सापशिडी आहे. आणि खरंच होतं. वरच्या ओळीत सेक्टर एका दिशेनं वाढत जातात, खालच्या ओळीत उलट फिरून परत येतात, पुन्हा पलटतात, जसे सापशिडीच्या पटावर आकडे जातात तसे. त्यामुळे वरखाली शेजारी असलेल्या सेक्टरांची बेरीज करावी तर तीन आणि दहा तेरा, चार आणि नऊ तेरा. त्याखाली सात आणि एकोणीस सव्वीस, आठ आणि अठरा सव्वीस. जुन्या भागात जिकडे बघावं तिकडे तेराची पटच. आणि गंमत म्हणजे शहर बांधताना तेरा नंबरचा सेक्टरच ठेवला नव्हता. अपशकुनी म्हणे. ज्याला दारातून हाकललं तो प्रत्येक भिंतीत जाऊन बसला होता.

टॅक्सीवाला तरुण सरदार होता. तो आरशातून हे सगळं बघत होता. म्हणाला, "अंकल जी, साडे तां तेरह सबतों चंगा नंबर ए." त्यांच्यात तेरा सगळ्यांत शुभ, आणि का, ते सांगायला त्यानं बाबाजींची, म्हणजे शिखांच्या पहिल्या गुरूंची, गोष्ट सांगितली. ते धान्याच्या कोठारावर कामाला होते. माप घालताना बारा झाले, तेरा आले, आणि तेरा म्हणजे तर 'तुझं'. ते तिथंच अडकले, तेरा तेरा म्हणत देतच राहिले. आयुष्यभर कोठार सांभाळलेला माझा नवरा यावर काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. पण ते नकाशाची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसले.

विधानसभा, हायकोर्ट असलेल्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये ओळखपत्र दाखवून आणि बॅगा तपासून आत सोडतात. एवढं मोठं काँक्रीट, आणि त्यात वकील मंडळी काळे कोट सावरत लगबगीनं चाललेली. शेवटी तो प्रसिद्ध उघडा हात येतो, उंच खांबावर बसवलेला प्रचंड पंजा, वाऱ्यानं फिरणारा. आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक मुलीनं सांगितलं की हा हात द्यायलाही उघडा आहे आणि घ्यायलाही. सगळे मान वर करून गप्प उभे होते. श्रीपादरावांनी हळूच माझ्याजवळ येऊन सांगितलं की बेअरिंगला ग्रीस लावायला झालंय.

शनिवार

जत्रेच्या आदल्या सकाळी मृणाल आम्हाला सोसायटीच्या अध्यक्षांकडे घेऊन गेली. भुल्लरसाहेब सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचे, आता निवृत्त आहेत. स्वेटरच्या रंगाची पगडी, पांढरी दाढी, आणि बोलणं इतकं गोड की नकारसुद्धा साखरेत बुडवून येतो. त्यांच्या आईला सगळी सोसायटी बीजी म्हणते. त्या नव्वदीच्या आसपासच्या असाव्यात, आणि घरात राज्य त्यांचं.

आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं अशा सुरात विचारतात की तो बिचारा नको म्हणतो आणि दोघं सुटतात. बीजींनी काही विचारलंच नाही. समोर मेथीचे पराठे आले, त्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा, मग दही, मग गाजराचा हलवा. मी पुरे म्हटलं की त्या वाढायच्या, आणि मी काही नाही म्हटलं तरी वाढायच्या. तिसऱ्या पराठ्यावर श्रीपादरावांनी ताटावर आडवा हात धरला. बीजींनी तो हात उचलून बाजूला ठेवला आणि पराठा वाढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचा हात असा कुणी उचलून ठेवलेला मी पाहिला नव्हता.

खाऊन झाल्यावर भुल्लरसाहेबांनी मुद्दा काढला. मृणाल पोरगी गुणी आहे, मुलीसारखी आहे, पण लोक म्हणतात की गणितासाठी ट्यूशन असते. "सच बताऊँ भाई साहब, लोगों को ट्रेडमिल चाहिए." आणि काही घरांची आणखी एक कुरकुर होती, ती त्यांनी खाली बघत सांगितली: सगळीकडची मुलं आत येतात. मृणालचे कान लाल झाले. ती काही बोलली नाही, कारण तोंडात बीजींनी दिलेला हलवा होता.

दुपारी आम्ही हॉल लावला. इराच्या हट्टानं खुंट्यांची फळीही घरून काढून हॉलच्या भिंतीला लावली. एका बाजूला मृणालची मॉडेलं मांडलेली, पुठ्ठ्याची, चेपलेली, कडा काळ्या पडलेली, एका घनाला तर कुणीतरी चावलेलं होतं. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चादरीवर आमची, पॉलिश केलेली, चकचकीत, एका रेषेत. आणि प्रत्येकासमोर श्रीपादरावांनी सांगलीहून रंगवून आणलेली छोटी पाटी, वर मराठी, खाली हिंदी: कृपया हात लावू नये.

मृणाल पाट्यांकडे बघतच राहिली. म्हणाली, काका, हे हातात घेऊनच करायचं असतं ना. त्यांनी सांगितलं, ते प्रात्यक्षिक करून दाखवतील, लोकांनी बघायचं. ती माझ्याकडे वळली. मी काय सांगणार? आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे आणि ती पिशवी फाटू नये म्हणून वर रबर आहे. चांगल्या कपबशा कपाटात आहेत, त्या चांगल्या पाहुण्यांसाठी, आणि तेवढा चांगला पाहुणा आमच्याकडे अजून आलेला नाही.

रविवार

सकाळी ऊन छान पडलं होतं आणि लोक आले, चांगले पुष्कळ आले. मृणालनं चहा आणि भजी ठेवली होती. तिथं भज्यांना पकोडे म्हणायचं आणि प्रत्येकी दोन अशी वाटणी करायची नाही, एवढं मी एव्हाना शिकले होते. लोक आत यायचे, आमच्या टेबलापुढे थांबायचे, पाटी वाचायचे आणि हात पाठीमागे बांधायचे. "बहुत वधिया जी," म्हणायचे आणि पकोड्यांकडे जायचे. श्रीपादराव पिवळं फडकं घेऊन टेबलामागे उभे होते. कुणी जरा वाकून पाहिलं की त्याच्या श्वासाची वाफ पुसायचे.

मुलंसुद्धा भिंतीला टेकून उभी होती. आयांनी बजावलं होतं, बाहेरून आलेल्या अंकलच्या वस्तू आहेत. दर रविवारी एकमेकांच्या अंगावर पडणारी ती पोरं आज दोन गटांत उभी होती, सोसायटीची एकीकडे आणि बाकीची दाराजवळ. आम्ही मदतीला आलो आणि दोन वर्षांची सतरंजी गुंडाळून ठेवली, असं मला वाटलं. मृणाल हसत हसत सगळ्यांना या या म्हणत होती, पण तिचं ते हसू मी तिच्या लहानपणापासून ओळखते. रडायच्या आधी ती असंच हसते.

भुल्लरसाहेब आईला हाताला धरून आले. त्यांनी एक फेरी मारली, मान डोलावली, घड्याळ पाहिलं. बीजी मात्र लाकडी गाठीपुढे थांबल्या. त्यांना फक्त गुरुमुखी वाचता येतं, त्यामुळे पाटी त्यांनी वाचली नाही, आणि गुरुमुखीत असती तरी जुमानली असती असं नाही. त्यांनी सरळ ती फुली उचलली, कानाजवळ हलवून पाहिली, आणि नारळ पारखावा तशी दोन्ही हातांनी दाबली. कुठल्या तरी दांडीवर अंगठा बरोबर पडला. ती सरकली, आणि सहाच्या सहा दांड्या चादरीवर आणि तिथून जमिनीवर गडगडल्या.

श्रीपादरावांचा चेहरा फडक्यासारखा पिवळा पडला.

"ऐ तां खुल गया," बीजी शांतपणे म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून, आता जोडा अशा सुरात, "हुण जोड़ो."

पहिल्यांदा दाराजवळचा एक मुलगा पुढे आला, कारण एक दांडी त्याच्याच पायाशी गेली होती. मग सोसायटीतली एक मुलगी. मग एकाचे वडील, दुसरीची आजी, रखवालदार, आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी ती सगळी घरं. श्रीपादराव पुढे सरसावले, पण मृणालनं त्यांचा दंड धरला. "काका, प्लीज. हात लावू नका." तिनं हे अगदी हळू आणि आदरानं म्हटलं, आणि मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

त्यानंतर टेबलावर काही शिल्लक राहिलं नाही. पायथागोरस हातोहात फिरला आणि त्याची मोहरी सांडली. एका बाईंनी घरून सरसोंची बरणी आणली आणि पुन्हा भरून दिली. चकतीच्या काचेवर पकोड्याच्या तेलाचे ठसे उमटले. गाठ काही सुटेना, म्हणजे जुळेना. भुल्लरसाहेब आधी लांबून सूचना देत होते, मग स्वेटरच्या बाह्या वर करून मांडी घालून सतरंजीवरच बसले. एका बाजूला इरा आणि दुसऱ्या बाजूला झाडूवाल्या बाईंची मुलगी त्यांना सांगत होती, "अंकल, पहले ये वाली." ते म्हणत होते, "रुक, रुक, मैनूं सोचण दे." चार दांड्यांपर्यंत पोचायचे आणि पाचवीला सगळं कोसळायचं.

दुपारी हॉल रिकामा झाला. भुल्लरसाहेब उठले, गुडघे चोळले, आणि त्यांना आठवलं ते कशाला आले होते. चेहरा पाडून त्यांनी सांगितलं की रौनक फार झाली, पण एका रविवारनं काय होतं, कमिटीचं ठरलेलं आहे, ट्रेडमिलची ऑर्डर गेली आहे. मृणालनं ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात दिली. मला तिथं उभं राहवेना, मी उगाच कप गोळा करायला लागले.

किल्ली घेऊन भुल्लरसाहेब दारापर्यंत गेले आणि परत आले. नजर त्या दांड्यांवर. म्हणाले, भाई साहब, हे घरी घेऊन जाऊ का, संध्याकाळपर्यंत जोडून आणून देतो.

मला वाटलं, आता सरळ नकार येणार. पण श्रीपादराव म्हणाले, न्या, जरा पुसून देतो. फडकं, बॅग आणि दांड्या घेऊन ते मागच्या मोरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा सहा दांड्या फडक्यात नीट बांधलेल्या होत्या. गाठोडं हातात तसंच धरून त्यांनी खुंट्यांच्या फळीकडे बोट केलं, आणि आपल्या सांगलीच्या हिंदीत भुल्लरसाहेबांना नियम समजावला. वस्तू न्यायची तर बिल्ला टांगायचा. वस्तू परत आल्याशिवाय बिल्ला परत मिळत नाही.

भुल्लरसाहेब हसायला लागले. त्यांनी पाकीट काढलं. श्रीपादराव म्हणाले, पैसा नहीं चलता. चष्मा काढला, तर चष्म्याशिवाय जोडणार कसं. मग त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं, माझ्या यजमानांकडे पाहिलं, आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या ऐटीत ती खुंटीवर अडकवली.

"शाम तक की बात है," ते म्हणाले.

सांगली

संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आमची परतीची वेळ झाली तेव्हा फळी पुन्हा मृणालच्या घरात होती आणि खुंटीवर किल्ली. तिनं विचारलं, काका, टांगलेला बिल्ला मध्ये वापरला तर चालतो का. त्यांनी जरा विचार करून सांगितलं, रविवारी चालतो.

घरी येऊन मी बॅग उपसली. लाल टोकांच्या पिशवीत माझ्या हाकेनं वाया गेलेली दांडी नव्हती. तिच्या जागी एक चांगली, पॉलिश केलेली दांडी होती, आणि शेजारी लाल धूळ बसलेला पॉलिश पेपरचा तुकडा. मी ते सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. साऱ्या नोकरीत ज्यांनी एक रिजेक्ट माल दाराबाहेर जाऊ दिला नाही, ते वर्तमानपत्रामागे गेले आणि तिथूनच म्हणाले, गडबडीत झालं असेल.

काही आठवड्यांनी मृणालचा फोन आला. भुल्लरसाहेब दर रविवारी गाठ घेऊन हॉलमध्ये येऊन बसायचे. पोरांची मदत घ्यायची तर घरी नेऊन काय उपयोग. ट्रेडमिल आली होती. एरवी हॉल बंद आणि रविवारी भरलेला, म्हणून ती पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती आणि रखवालदार तिच्यावर टॉवेल वाळत घालत होता. आणि या रविवारी भुल्लरसाहेबांनी मुलांबरोबर कागदावर सगळ्या खाचा काढून सिद्ध केलं की सहातली एक दांडी चुकीची आहे, ही गाठ जुळणं शक्यच नाही. मग भिंग मागवून त्या दांडीचं टोक पाहिलं. लाकडाच्या रेषांत लाल रंग राहिला होता. उपकरणं बनवण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो रंग कशाचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

मृणाल म्हणाली, मावशी, मी स्वतःच घरी जाऊन किल्ली आणली आणि त्यांच्यापुढे धरली. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "रख, पुत्त. तेरे मासड़ जी ने रिजेक्ट माल दिया है. उसूल तो उसूल है. जब तक सही पीस नहीं आता, चाबी वहीं टँगी रहेगी."

फोन स्पीकरवर होता. मासड़ जींनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, सगळं ऐकलं. ते उठले, ती चांगली दांडी घेतली, फडक्यानं पुसली. मला वाटलं, पाठवायला खोकं शोधत आहेत. त्यांनी कपाट उघडलं, चांगल्या कपबशांच्या मागे दांडी ठेवली आणि कपाट बंद केलं.

मी विचारलं, कुरियर कधी करायचं.

"हत्यार वापरात असताना कुणी परत मागतं का," ते म्हणाले, आणि मागच्या खोलीत जाऊन करवत चालू केली.

मी चहा ठेवला, त्या कपाटातल्या दोन चांगल्या कपांत ओतला, आणि करवत अगदी रंगात आलेली असताना मुद्दाम मोठ्यानं हाक मारली.